नवव्या गुणसूत्राचा जाड पट्टा आणि सॅटेलाइट डीएनएचं काम

प्रश्न डिचोलीच्या एका गृहस्थांचा आहे. दीड वर्षात पत्नीचा गर्भ दोनदा पडला, दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत. डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी करायला सांगितली. रिपोर्टवर आलं: 46,एक्सएक्स,9क्यूएच+. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल व्हेरियंट आहे, मनात आणू नका. घरी बीएस्सी करणाऱ्या धाकट्या भावानं पुस्तक उघडून सांगितलं की तो भाग म्हणजे सॅटेलाइट डीएनए, त्यात जनुक नसतं, त्याला कचरा म्हणतात. तेव्हापासून पत्नी विचारते आहे, 'माझ्यात कचरा जास्त आहे म्हणून असं झालं का?' आणि गृहस्थ विचारतात की तो खरोखर कचरा असेल तर इतक्या पिढ्या टिकला कसा?

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुमच्या नवव्या गुणसूत्रावरच्या जाड पट्ट्यामुळे गर्भ पडला असं म्हणायला आधार नाही. म्हापशात सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. या काळात असे जाड पट्टे मी तीन-तीन मुलं सुखरूप झालेल्या आयांमध्ये पाहिले, आजोबांमध्ये पाहिले, नातवांमध्येही पाहिले. नवव्या गुणसूत्रावरचा हाच भाग उलटा बसलेली माणसंही शंभरात एक ते तीन सापडतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काही अभ्यासांत वंध्यत्व किंवा गर्भपात असलेल्या जोडप्यांमध्ये असे फरक थोडे जास्त दिसले, काहींत दिसले नाहीत. माझं मत डॉक्टरांसारखंच आहे. फक्त 'मनात आणू नका' एवढ्यावर मी थांबले नसते, कारण तुमच्या भावानं पुस्तकातून वाचलेला शब्द त्या वाक्यापेक्षा जास्त खोल रुतला आहे. तो शब्द काढायचा तर तिथं नेमकं काय असतं ते सांगावं लागेल.

रिपोर्टची भाषा आधी सोडवते. 46 ही गुणसूत्रांची संख्या, एक्सएक्स म्हणजे स्त्री. 9 म्हणजे नववं गुणसूत्र, क्यू म्हणजे त्याचा लांब हात, एच म्हणजे हेटरोक्रोमॅटिन, अर्थात घट्ट गुंडाळून ठेवलेला भाग, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे तो नेहमीपेक्षा लांब. हे दिसतं कसं? नेहमीच्या रंगानं शंका आली की मी सी-बँडिंग करते. काचपट्टी आधी सौम्य आम्लात, मग बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये, मग साठ अंशांच्या मिठाच्या द्रावणात आणि शेवटी गिम्सा रंगात. या छळात गुणसूत्रांचा बाकीचा बराचसा डीएनए निघून जातो. गुणसूत्रं फिकट, भुतासारखी दिसतात आणि प्रत्येकाच्या कमरेशी एक गडद ठिपका उरतो. 1, 9 आणि 16 या तिघांच्या कमरेखाली तो ठिपका मोठा असतो, पुरुषाच्या वाय गुणसूत्राचं तर टोकाकडचं अर्ध अंग काळं दिसतं. ताईंच्या दोन नवव्या गुणसूत्रांपैकी एकावर तो काळा भाग दुसऱ्याच्या दीडपट दिसत असणार. उरलेल्या सगळ्याला धुऊन टाकणाऱ्या प्रक्रियेत जो भाग जागचा हलत नाही तोच हा सॅटेलाइट डीएनए.

सॅटेलाइट या नावाचा अवकाशाशी संबंध नाही. 1957 साली मेसेलसन, स्टाल आणि विनोग्राड यांनी डीएनए घनतेनुसार वेगळा करायची युक्ती काढली. सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात डीएनए घालून ते प्रचंड वेगानं फिरवायचं. द्रावण तळाशी दाट आणि वर पातळ होतं आणि डीएनए आपल्या घनतेच्या थरावर जाऊन तरंगतो. 1961 साली उंदराच्या डीएनएवर हा प्रयोग झाला तेव्हा एका रुंद पट्ट्याशेजारी थोडा वरच्या बाजूला एक बारीक पट्टा दिसला. मुख्य पट्टा 1.701 घनतेवर, हा 1.69 च्या आसपास. ग्रहाशेजारी चंद्र असावा तसा, म्हणून उपग्रह. उंदराच्या एकूण डीएनएचा सुमारे दहावा हिस्सा त्या बारीक पट्ट्यात होता.

तो वेगळा का तरंगतो हे 1966 साली वेअरिंग आणि ब्रिटन यांच्या कामातून उलगडलं. डीएनए तापवला की त्याचे दोन धागे सुटतात, थंड केला की प्रत्येक धागा आपला जोडीदार शोधून पुन्हा चिकटतो. फातर्प्याच्या जत्रेच्या गर्दीत तुम्हाला तुमची एकच बहीण शोधायची असेल तर तासभर जाईल. पण लाल पातळातली कोणतीही बाई चालणार असेल आणि गर्दीत लाल पातळं हजारो असतील, तर क्षणात सापडेल. उंदराचा हा सॅटेलाइट डीएनए असाच झटकन जुळला, म्हणजे त्यात एकच मजकूर लाखो वेळा लिहिलेला होता. पुढे त्या मजकुराची लांबी डीएनएच्या अक्षरांत, म्हणजे त्याच्या साखळीतल्या दुव्यांत, मोजली गेली: 234 अक्षरं, मग पुन्हा तीच 234, पुन्हा तीच. 1970 साली मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी हा डीएनए उंदराच्या गुणसूत्रांवर नेमका कुठं बसतो ते दाखवलं. तो बसला सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे पेशी दुभंगताना ज्या ठिकाणी दोऱ्या लागतात आणि गुणसूत्राची एक प्रत इकडं, दुसरी तिकडं ओढली जाते, त्या कमरेपाशी. आज कुठल्याही निदान प्रयोगशाळेत फिश नावाची चमकत्या ठिपक्यांची जी तपासणी होते, तिचं मूळ या प्रकारच्या कामात आहे.

आता कचरा. हा शब्द रुळला तो 1972 साली सुसुमु ओहनो यांच्या लिखाणानं. 1980 साली एकीकडं डूलिटल आणि सॅपिएन्झा, दुसरीकडं ऑर्गेल आणि क्रिक यांनी 'स्वार्थी डीएनए'चा विचार मांडला: एखादा तुकडा शरीराच्या काही कामाचा नसला तरी स्वतःच्या प्रती वाढवता येतात एवढ्या बळावर तो टिकू शकतो. ही माणसं उथळ नव्हती आणि त्यांच्या म्हणण्यातला मोठा भाग मला आजही पटतो. एखादी गोष्ट टिकली म्हणजे तिचा उपयोग असलाच पाहिजे, हा तर्क चुकीचा आहे, हे त्यांनी शिकवलं. चूक पुढं झाली. 'जनुक नाही' याचा अर्थ 'काम नाही' असा पाठ्यपुस्तकांनी करून टाकला आणि तो तुमच्या भावापर्यंत आला.

या मजकुराची रचना समजायला फुलांची फाती, म्हणजे गुंफलेली माळ, डोळ्यापुढं आणा. आमच्या फोंडा महालात अबोलीच्या फाती ज्यांनी गुंफल्या आहेत त्यांना हे पटकन कळेल. समजा बारा वेगवेगळ्या छटांची फुलं एका क्रमानं ओवली आणि तोच बाराचा क्रम पुन्हा पुन्हा ओवत गेलो. माणसाच्या सेंट्रोमिअरमध्ये अल्फा सॅटेलाइट नावाचा डीएनए असाच असतो. एक फूल म्हणजे 171 अक्षरं. शेजारची दोन फुलं एकमेकांपासून वीस ते चाळीस टक्क्यांनी वेगळी असू शकतात. पण एक्स गुणसूत्रावर बारा फुलांचा जो गट आहे, सुमारे दोन हजार अक्षरांचा, तो पुढच्या गटाशी जवळजवळ हुबेहूब जुळतो. असे दीड हजारांच्या आसपास गट एकापाठोपाठ एक, मिळून 31 लाख अक्षरं. मध्ये दुसरं जवळजवळ काही नाही.

इतका सारखेपणा टिकतो कसा? प्रत्येक पिढीत कुठंतरी एखादं अक्षर बदलतंच. लाखो वर्षांत प्रत्येक फूल वेगळं व्हायला हवं होतं. म्हार्दोळच्या जायांच्या पुजेला लहानपणी आम्ही बहिणी फाती करायला बसत असू. दोन सारख्या फाती शेजारी ठेवून मधे कापल्या आणि अदलाबदल करून जोडल्या तर लांबी तीच राहते. पण ठेवताना एक फाती दोन गट पुढं सरकली असेल तर एक तुकडा चार हातांचा आणि दुसरा दोन हातांचा होतो. अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना, आणि डीएनए दुरुस्त करतानाही, हेच घडतं. सगळीकडं तोच मजकूर असल्यामुळे धाग्यांना आपली नेमकी जागा सापडत नाही, ते सरकून जुळतात. 1976 साली जॉर्ज स्मिथ यांनी संगणकावर दाखवलं की एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होत राहिली तरी नुसत्या योगायोगानं सारखे गट आपोआप तयार होतात, वाढतात आणि जुने पुसले जातात. निवड लागत नाही, हेतू लागत नाही.

ताईंच्या नवव्या गुणसूत्रावर जे झालं ते नेमकं हेच. कधीतरी, बहुधा त्यांच्या आधीच्या कुठल्यातरी पिढीत, फाती सरकून कापली गेली आणि लांब तुकडा त्यांच्याकडं आला. कुणाकडं तरी आखूड तुकडा गेला असेल, त्याच्या रिपोर्टवर उणे चिन्ह येईल. नवव्यावरचं फूल अल्फा नव्हे, ते सॅटेलाइट 3. त्याचा मूळ मजकूर जेमतेम पाच अक्षरांचा, जीजीएएटी, आणि त्याचीच थोडी बिघडलेली रूपं. ज्या एका मानवी जीनोमचं, म्हणजे सगळ्या डीएनएचं, पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत वाचन झालं त्यात नवव्या गुणसूत्रावरचा हा पट्टा पावणेतीन कोटी अक्षरांचा आहे. ती एका माणसाची लांबी. तुमची वेगळी, माझी वेगळी.

सरकण्याचा हा खेळ मला कामात रोज भेटतो, म्हणून एक गोष्ट सांगते. गर्भजलाच्या तपासणीत 18, एक्स आणि वाय मोजायला आम्ही अल्फा सॅटेलाइटवर चिकटणारे चमकते प्रोब वापरतो. लाखो प्रती असल्यामुळे ठिपका ठळक येतो. डाउन सिंड्रोमसाठी मात्र 21 व्या गुणसूत्रावर तसा प्रोब चालत नाही. तो लावला तर दोनाऐवजी चार ठिपके दिसतात, कारण 13 आणि 21 या दोघांच्या कमरेचा मजकूर जवळजवळ एकच आहे. 14 आणि 22 चंही तसंच. ही छोट्या हाताची गुणसूत्रं पेशीच्या केंद्रकातल्या केंद्रकी नावाच्या गाठीजवळ एकत्र येतात आणि त्यांनी आपसात फाती बदलल्या असं मानलं जातं. म्हणून 21 साठी लांब हातावरची एकमेव जागा शोधावी लागते. शिकत असताना माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला मुद्दाम तो चुकीचा प्रोब लावून बघायला सांगितलं होतं. चार लाल ठिपके बघून मी घाबरले. त्या म्हणाल्या, 'हे चार ठिपके लक्षात ठेव, हा त्यांचा इतिहास आहे.' त्या संध्याकाळी मला उत्क्रांती पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

तर मजकूर सतत बदलतो. चिंपांझी आणि माणूस यांची जनुकं इतकी सारखी, पण बहुतेक सेंट्रोमिअरमधल्या या गटांची रचना एकमेकांशी जुळत नाही, एक्स हा ठळक अपवाद. उंदरात अल्फा सॅटेलाइट मुळीच नाही. आपल्या उकड्या तांदळाच्या सेंट्रोमिअरमध्ये 155 अक्षरांची वेगळीच फाती आहे. ड्रोसोफिला व्हिरिलिस या फळमाशीच्या जीनोमचा जवळपास 40 टक्के भाग सात-सात अक्षरांच्या पुनरावृत्तीनं भरलेला आहे. पण प्रत्येक ठिकाणी काम तेच: दोरी बांधायची जागा. हे कोडं हेनिकॉफ, अहमद आणि मलिक यांनी 2001 साली नेमक्या शब्दांत मांडलं: ज्या जागेवाचून एकही पेशी नीट दुभंगू शकत नाही, तीच जागा जीनोममध्ये सर्वांत झपाट्यानं का बदलते?

उत्तराचा एक धागा प्रथिनांत आहे. गुणसूत्राची कमर ओळखते ती सेंप-ए नावाच्या प्रथिनामुळे. 1985 साली त्वचा कडक होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मदतीनं ते सापडलं. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. नेहमीच्या रिळांऐवजी हे विशेष रीळ जिथं बसतं तिथं दोरी लागते आणि पुढच्या पेशीतही ते बव्हंशी त्याच जागी पुन्हा बसवलं जातं. अक्षरांपेक्षा परंपरेवर चालणारी ही व्यवस्था. म्हणूनच 1993 साली ऑस्ट्रेलियात एक दहावं गुणसूत्र सापडलं, ज्याची कमर तुटून गेली होती आणि भलत्याच ठिकाणी, अल्फा सॅटेलाइटचं एकही फूल नसताना, नवी कमर तयार झाली होती. घोड्याच्या 11 व्या गुणसूत्राची कमरही सॅटेलाइटशिवाय चालते.

मग सॅटेलाइट नकोच का? इथं घाईनं निष्कर्ष काढू नये. तांदळाच्या 8 व्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर 2004 साली पूर्ण वाचला गेला, कारण त्याची फाती अगदी तोकडी होती आणि आतमध्ये चालती जनुकंही होती. घोड्याचं 11 वं आणि तांदळाचं 8 वं ही दोन्ही मला कोवळ्या कमरेची उदाहरणं वाटतात. जुन्या, स्थिर झालेल्या कमरांत बहुतेक वेळा सॅटेलाइट भरून आलेला दिसतो. माझी समजूत अशी की नवी कमर सुरू व्हायला त्याची गरज नाही, पण पकड पक्की व्हायला तो सोयीचा आहे: लांबच लांब, सारखा, जनुकं नसलेला भाग, जिथं प्रथिनांना दाटीनं बसता येतं आणि कुठल्या जनुकाचं काम अडत नाही.

दुसरा धागा आईच्या अंडाशयात आहे. पुरुषाच्या एका मूळ पेशीतून चार शुक्रपेशी होतात. स्त्रीच्या चार वाटण्यांतली एकच अंड होते, बाकीच्या तीन विरून जातात. ज्या गुणसूत्राची कमर जास्त दोऱ्या धरते ते अंडाच्या बाजूला राहण्याची शक्यता वाढते. उंदरांत हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे आणि मिम्युलस या फुलझाडातही तसा पक्षपाती वारसा दिसला आहे. म्हणजे फाती लांबवणाऱ्याला पुढच्या पिढीत जागा मिळते, मग तो पक्षपात मोडणारे बदल प्रथिनांत टिकतात, मग पुन्हा फाती बदलते. स्वार्थ आणि काम हे इथं एकमेकांच्या विरोधात नाहीत, एकाच जागी नांदतात. 1980 च्या त्या विचारवंतांना आणि आजच्या संशोधकांना मी म्हणूनच परस्परांचे विरोधक मानत नाही.

एक गोष्ट आपल्या रानातली. मोलेच्या जंगलात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर असतं. 1970 साली भारतीय भेकराची गुणसूत्रं मोजली तेव्हा मादीत फक्त सहा आणि नरात सात निघाली, सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी. त्याच्या चिनी भावंडात 46 आहेत. अंगात जनुकांची उणीव नाही. छोटी गुणसूत्रं टोकाला टोक जोडून लांब झाली, आणि त्या जोडांवर आजही जुन्या सॅटेलाइटचे अवशेष चमकतात, जुन्या घरांच्या भिंती पाडून एक दालन केलं तरी लादीवर भिंतीच्या खुणा राहतात तसे.

भारतीय संशोधनाचाही इथं मोठा वाटा आहे. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीच्या लिंग-गुणसूत्राशी निगडित असलेला सॅटेलाइट डीएनए 1980 च्या सुमारास वेगळा केला. त्यात जीएटीए ही चार अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. त्याच तुकड्याचा प्रोब करून पुढं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं केलं. प्रत्येक माणसाच्या फातीची लांबी वेगळी, एवढ्या एका गोष्टीवर पितृत्वाचे आणि गुन्ह्यांचे खटले उलगडू लागले. ताईंच्या रिपोर्टवरचं अधिकचं चिन्ह मुळात त्याच वेगळेपणाचं आहे.

आता कमरेशेजारच्या मोठ्या पट्ट्यांचं, म्हणजे 1, 9, 16 वरच्या भागांचं काम. इथं दोरी लागत नाही. यामाशिता यांच्या प्रयोगशाळेनं 2018 साली फळमाशीत आणि उंदरात दाखवलं की वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे सॅटेलाइट काही खास प्रथिनांमुळे एकत्र गोळा होतात आणि त्यामुळे सगळी गुणसूत्रं एका केंद्रकात बांधलेली राहतात. ती प्रथिनं काढून घेतली की गुणसूत्रं केंद्रकाबाहेर निसटतात, त्यांची चिमुकली अलग केंद्रकं होतात आणि पेशी मरतात. फाट्यांची मोळी बांधायला दोर लागतो. दोराच्या आत निरोप लिहिलेला नसतो, तरी दोर सोडला तर मोळी डोक्यावर राहत नाही.

दुसरा पुरावा माणसातला आहे आणि ताईंच्या शंकेशी थेट भिडतो. आयसीएफ नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतात. बऱ्याच रुग्णांत डीएनएमटी3बी हे जनुक बिघडलेलं असतं. डीएनएवर मिथाइलच्या खुणा लावून तो गुंडाळलेला ठेवणारं हे जनुक. खुणा न लागल्यानं याच पट्ट्यांची गुंडाळी सैल पडते. काचपट्टीवर मुख्यतः 1 आणि 16, कधी 9, यांचे हात कमरेपाशी एकमेकांत अडकून चांदणीसारखे आकार दिसतात. असे फोटो मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. यातून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. फातीची लांबी माणसामाणसांत पुष्कळ कमीजास्त असते आणि शरीर ते सांभाळून घेतं. फाती बांधून ठेवणारी व्यवस्था बिघडली तर मात्र आजार होतो. ताईंची लांबी वाढलेली आहे, व्यवस्था नीट आहे. व्यवस्था बिघडलेली असती तर रिपोर्ट वेगळाच दिसला असता.

हा पट्टा अगदी गप्प पडून असतो असंही नाही. पेशींना 42-43 अंशांचा ताप दिला की नवव्या गुणसूत्रावरचा हाच सॅटेलाइट 3 जागा होतो, त्यावरून आरएनए तयार होतो आणि भोवती काही प्रथिनं गोळा होतात. ताप उतरला की ते विरतं. जनुक नसलेल्या जागेची ही हालचाल माझ्यासाठी फार विलक्षण आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर भाऊ ती वाचून पुन्हा घाबरवेल. सॅटेलाइटमुळे भ्रूण मरतो असं एक गाजलेलं उदाहरण खरंच आहे. सिम्युलन्स जातीची माशी आई आणि मेलानोगॅस्टर जातीची माशी बाप असेल तर मुली अंड्यातच मरतात. 2009 साली फेरी आणि बार्बॅश यांनी त्याचं कारण दाखवलं. बापाच्या एक्स गुणसूत्रावर 359 अक्षरांच्या सॅटेलाइटचा एक प्रचंड पट्टा आहे, आईच्या जातीत तसा पट्टा नाही, आणि अंड्यातल्या सामग्रीला तो नीट गुंडाळता येत नाही. पेशी दुभंगताना ते गुणसूत्र मागं रेंगाळतं. पण ही दोन वेगळ्या जातींची गोष्ट आहे, लाखो वर्षं स्वतंत्र वाढलेल्या. तुम्ही दोघं एकाच जातीची माणसं. तुमच्या पत्नीच्या अंडपेशीनं हा पट्टा स्वतःच्या शरीरात जन्मापासून सांभाळला आहे. ते उदाहरण इथं लागू होत नाही.

2001 साली मानवी जीनोम वाचला म्हणून जगभर बातमी झाली, तेव्हा हे सगळे पट्टे रिकामे सोडले होते. सारख्या तुकड्यांचं कोडं जुळवता येत नव्हतं, निळ्या आभाळाचं जिगसॉ तसं. लाखभर अक्षरं सलग वाचणारी यंत्रं आली तेव्हा 2022 साली पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत मजकूर मिळाला: सुमारे 305 कोटी अक्षरं, त्यात जवळजवळ 20 कोटी नवी. कमरेतल्या आणि तिच्या आसपासच्या सॅटेलाइटचा वाटा सुमारे 6 टक्के निघाला. वाय गुणसूत्र 2023 साली पूर्ण झालं. आणि ताई, तुम्हाला हे मुद्दाम सांगते: 2022 चं ते वाचन ज्या पेशींवर झालं त्या द्राक्षगर्भाच्या होत्या. एका बाईचा टिकू न शकलेला गर्भ. त्यात आईची गुणसूत्रं नव्हती, बापाचाच संच दुप्पट झालेला होता, दोन्ही प्रती एकसारख्या असल्यामुळे वाचणं सोपं गेलं. हे पट्टे ज्या नकाशात पहिल्यांदा पूर्ण दिसले तो त्या गर्भानं दिला.

आता पुढं काय करायचं ते. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा टक्के पडतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बहुतेक वेळा त्या एका अंडपेशीपुरती असते, आईच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. वारंवार गर्भ पडणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी तीन ते पाचांत मात्र दोघांपैकी एकात गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. ते बदल नवऱ्यातही असू शकतात. तुमच्या पत्रात फक्त पत्नीचा रिपोर्ट आहे. दादा, तुमचं रक्त द्यायचं राहिलं आहे. ते हिरव्या टोपणाच्या नळीत, सोडियम हेपारिनमध्ये द्या. जांभळ्या टोपणाची नळी चालत नाही, त्यात पेशी वाढत नाहीत. पत्नीच्या थायरॉइडची, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची आणि गर्भाशयाच्या आकाराची तपासणी झाली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि एक गोष्ट, जी सांगताना मला जड जातं. पुन्हा असं होऊ नये हीच इच्छा आहे. पण झालंच तर पडलेल्या गर्भाचा नमुना फॉर्मलिनमध्ये घालू देऊ नका. एकदा एका रुग्णालयातून मला तसा नमुना आला. त्या बाईचा तो चौथा गर्भ होता. पेशी मेल्या होत्या, मी काहीही सांगू शकले नाही, आणि त्या बाईला पाचव्यांदा वाट बघावी लागली. नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये, बर्फ न लावता, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. डिचोलीहून म्हापशाला तासाभरात येता येतं. आधी फोन केलात तर मी माध्यम काढून ठेवीन.